चालू आहे का

भाच्यानं पाटीवर माझा नंबर रंगवला,
बुरजापर्यंत चहा मागवता यावा म्हणून.
पाटी कुणाच्या तरी फोटोत गेली,
फोटो कुठं कुठं गेला अल्ला जाणे.
तवापासून मी चांदपाशा चहावाला राहिलो नाही,
नळदुर्गच्या पाण्याचं हापिस झालो.

हॅलो, नर-मादी चालू आहे का?
एवढंच. सलाम नाही, रामराम नाही.
बार्शीहून, लातुरातून, एकदा तर दुबईतून.
मी एक डोळा दुधावर ठेवून सांगतो:
बोरी नदी यायला पाहिजे, बंधारा भरायला पाहिजे,
मग भिंतीवरून दोन धारा पडतात.
एक नर, एक मादी.
कुठली कुठली, ते भांडण
आमच्या गल्लीत अजून मिटलेलं नाही.

सोलापूरहून तासभर, तुळजापूरहून त्याहून कमी.
यष्टी स्टँडावर सोडते, पुढं पायी.
चप्पल पट्ट्याची घाला,
शेवाळ पाहुणा बघत नाही.
उपळी बुरजावर म्हातारं माणूस चढवू नका,
चढवलंच तर उतरायची घाई करू नका.
वर वारा लागला की
माणूस जुनं जुनं बोलायला लागतं.

पाणीमहाल? तो भिंतीच्या पोटात.
डोक्यावरून नदी जाते,
आत उदबत्ती विझत नाही.
सोळाशे तेराचं काम, आदिलशाहीतलं.
चुन्यात काय घातलं होतं?
कुणी गूळ सांगतं, कुणी उडीद, कुणी अंडी.
मी सांगतो, अक्कल.
ह्या एका शब्दावर माझे
दोनशे कप तरी खपले असतील.

आत दगडावर फारसी कोरलेली आहे.
मला येत नाही. अर्थ अब्बांच्या तोंडून पाठ:
हा महाल बघून दोस्ताचे डोळे उजळोत,
दुश्मनाच्या डोळ्यांपुढं अंधार होवो.
हे सांगितलं की लोक एकमेकांकडं बघतात.

एक साल नदीच आली नाही.
श्रावण गेला, गणपती गेले,
बंद आहे, बंद आहे, सांगत राहिलो,
उधारी मागायला आलेल्याला सांगावं तसं,
खाली बघून. फोनवर खाली बघून.
मग फोनही थांबले.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी
स्टोव्ह विझवला, खाली उतरलो.
बारा वर्षं रस्ता सांगत होतो,
आत जाऊन बसलो नव्हतो कधी.

पाण्याविना महाल लहान वाटला.
खिडकीपुढं पडदा नाही, नुसतं ऊन,
आणि पारव्यांची घरघर.
एरवी ओल लपवते ती भिंत
पार कोरडी, शाळेच्या पाटीसारखी.
तिच्यावर छिन्नीच्या रेघा.
एकाखाली एक, एकाखाली एक, सरळ,
मधेच एक तिरकी गेलेली,
पुन्हा सरळ.
हात भरून आला असेल,
नाहीतर कुणी हाक मारली असेल,
चल, भाकरी खाऊन घे.
वरच्या फारसीत त्याचं नाव नसणार.
मी ती तिरकी रेघ बोटानं
दोनदा चाचपली.
बोटाला चुना लागला,
चारशे वर्षांनी, नवा.

तेवढ्यात खिशात वाजलं.
उमरग्याची बाई, मागं पोरांचा कालवा.
हॅलो, नर-मादी चालू आहे का?

बंद आहे, म्हणालो.
आवाज घुमून माझ्याकडंच परत आला,
मलाच विचारल्यासारखा.
मग काय, यायचंच नाही का दादा?

या की, म्हणालो.
चप्पल कुठलीही चालेल.
फक्त येताना एक बॅटरी घेऊन या,
चांगल्या उजेडाची.